सेप्सिस आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अतिदक्षता विभागाबाहेर थांबलेले नातेवाईक, परिचर्या आणि वैद्यक शिकणारे विद्यार्थी, तसेच तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे डॉक्टर यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एखाद्या विशिष्ट रुग्णाच्या उपचारांचा निर्णय मात्र त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

१. सेप्सिस म्हणजे रक्तात जंतू पसरणे, असेच ना?

नाही. २०१६ साली मांडल्या गेलेल्या आणि आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या व्याख्येनुसार, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन त्यापायी अवयवांचे काम जिवावर बेतेल इतके बिघडणे, म्हणजे सेप्सिस. रक्तात जंतू सापडलेच पाहिजेत, अशी अट त्यात नाही. कितीतरी रुग्णांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही आणि तरीही सेप्सिसचे निदान पक्के असते. उलट दात काढल्यावर काही मिनिटे रक्तात जंतू सापडू शकतात आणि माणूस ठणठणीत असतो. सलाईन पुरेसे देऊनही सरासरी रक्तदाब ६५ मिलिमीटरच्या (पाऱ्याच्या मापाने) वर ठेवण्यासाठी औषध लागत असेल आणि रक्तातील लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की बहुधा वाढणारा पदार्थ) २ मिलिमोल प्रति लिटरपेक्षा जास्त असेल, तर त्या अवस्थेला सेप्टिक शॉक म्हणतात. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

२. रक्तवाहिनीचे अस्तर म्हणजे नेमके काय? ती नुसती नळीची आतली बाजू नव्हे का?

प्रत्येक रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकच एक थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. केशवाहिनीची भिंत म्हणजे जवळजवळ हा थरच. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी एक मायक्रोमीटरहूनही कमी असते आणि वाहिनी इतकी अरुंद, की तांबड्या पेशीला अंग चोरून पुढे सरकावे लागते. या पेशींच्या रक्ताकडील बाजूवर शर्करा आणि प्रथिने यांच्या साखळ्यांचा एक मऊ, पाणी धरून ठेवणारा थर असतो, ओढ्यातल्या दगडावर शेवाळ असते तसा. त्याचे नाव ग्लायकोकॅलिक्स. पुढील बऱ्याच उत्तरांत तो येणार आहे.

हे अस्तर स्वस्थ बसून नसते, हे बरेच उशिरा ध्यानात आले. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन टाकून पाहिले, तेव्हा काही पट्ट्या सैल पडल्या आणि काही पडल्या नाहीत. ज्या पट्ट्यांची आतली बाजू तयारी करताना घासली जाऊन अस्तर निघून गेले होते, त्या सैल पडत नव्हत्या. स्नायूला सैल होण्याचा निरोप अस्तराकडून जातो, हे त्यातून सिद्ध झाले. तो निरोप नेणारा वायू नायट्रिक ऑक्साइड आहे, हे पुढे कळले आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरिड मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाहिनी किती रुंद ठेवायची, पाणी व प्रथिने किती बाहेर जाऊ द्यायची, रक्त कोठे गोठू द्यायचे आणि पांढऱ्या पेशींना कोठे उतरू द्यायचे, ही चारही कामे या एका थराकडे आहेत. सेप्सिसमध्ये ती चारही एकाच वेळी बिघडतात.

३. संसर्ग फक्त फुप्फुसात किंवा लघवीच्या मार्गात आहे. मग सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या कशा बिघडतात?

कारण संसर्ग एका जागी असला तरी त्याची वर्दी रक्तातून सर्वत्र जाते. जंतूंच्या आवरणाचे तुकडे, उदाहरणार्थ ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचे एंडोटॉक्सिन, आणि रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेले टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ व इंटरल्यूकिन-६ यांसारखे निरोप्ये पदार्थ अस्तरावर येऊन थडकतात. या पेशींत एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पॅलेड यांनी १९६४ मध्ये वर्णन केलेल्या लांबट पिशव्या असतात. त्या काही मिनिटांत रिकाम्या होतात आणि त्यांतून प्लेटलेट्सना चिकटवणारा फॉन विलेब्रांड घटक, पांढऱ्या पेशींना अडवणारे पी-सिलेक्टिन आणि अँजिओपॉइटिन-२ बाहेर पडतात.

यातील अँजिओपॉइटिन-२ कडे विशेष लक्ष द्यावे. एरवी अँजिओपॉइटिन-१ हे रेणू अस्तरावरील टाय-२ या ग्राहकाला जागे ठेवतात आणि त्यामुळे पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात. सेप्सिसमध्ये अँजिओपॉइटिन-२ ती जागा अडवते, पेशींमधील व्हीई-कॅडेरिनचे सांधे सुटतात आणि फटी पडतात. त्याच वेळी हेपॅरनेजसारखी विकरे ग्लायकोकॅलिक्स कातरून टाकतात. त्याचे तुकडे, म्हणजे सिंडेकॅन-१ आणि हेपॅरन सल्फेट, रक्तात तरंगताना सापडतात.

जंतूंचा प्रतिकार करायचा तर अस्तराने थोडे सैल होणे आवश्यकच असते. गळवाभोवतीची सूज आणि लाली ही त्याचीच खूण आहे. एका जागी उपकारक असलेली ही क्रिया एकाच वेळी साऱ्या शरीरात सुरू होणे, हा सेप्सिसमधील घोटाळा आहे.

४. सेप्सिसमध्ये बीपी का कोसळतो? रक्तस्राव तर झालेला नसतो.

दोन कारणे एकत्र येतात. पहिले म्हणजे नायट्रिक ऑक्साइडचा पूर. निरोगी अवस्थेत अस्तर तो मोजून मापून तयार करते. सेप्सिसमध्ये वाहिन्यांच्या स्नायूंत आणि पांढऱ्या पेशींत त्याची दुसरी, बेलगाम निर्मिती सुरू होते. धमन्या सैल पडतात आणि आकुंचनाचे संदेश त्यांना पूर्वीसारखे कळेनासे होतात. दुसरे म्हणजे रक्तातील पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते, म्हणून आत भरणा कमी राहतो (प्रश्न ५). काही रुग्णांत हृदयाच्या स्नायूची ताकदही तात्पुरती घटते. पंपावर लावलेले नॉरअ‍ॅड्रेनालीन हे सैलावलेल्या वाहिन्यांना आवळण्यासाठी असते. अस्तर दुरुस्त करण्याची शक्ती त्यात नाही.

५. रुग्णाचे अंग सुजून दुप्पट झाले आहे, तरी डॉक्टर म्हणतात शरीरात पाणी कमी आहे. हे कसे?

दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, कारण पाणी शरीरात आहे पण रक्तवाहिन्यांत नाही. केशवाहिनीतून पाणी किती बाहेर जाते याचा हिशेब अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडला: रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि प्रथिने ते आत ओढून धरतात. अलीकडच्या संशोधनाने त्यात मोठी सुधारणा केली आहे. प्रथिनांची ही ओढ प्रत्यक्षात ग्लायकोकॅलिक्सच्या आरपार काम करते. त्यामुळे तो थर झडला आणि पेशींमधील फटी उघडल्या, की अल्ब्युमिन हे रक्तातले मुख्य प्रथिनही बाहेर जाते आणि पाण्याला आत धरणारे फारसे काही उरत नाही.

पायावर बोट दाबले की खळगा राहतो, पापण्या सुजतात, हाताची अंगठी रुतते. वरवर दिसणारी ही सूज जितकी आहे, तितकीच आत, आतड्यांत आणि फुप्फुसांतही असू शकते. मूत्रपिंडे थकलेली असणे आणि दिलेल्या सलाईनचे प्रमाण यांचाही त्यात वाटा असतो. किती सलाईन द्यावे, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे (प्रश्न १२).

६. औषधाने बीपी व्यवस्थित आला, मॉनिटरवरचे आकडे चांगले आहेत, तरी लघवी होत नाही आणि रुग्ण गुंगीत आहे. असे का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि तो नेमका मर्मावर बोट ठेवतो. मॉनिटर मोठ्या धमनीतला दाब दाखवतो. पेशींना प्राणवायू पोहोचतो तो केशवाहिन्यांतून, आणि सेप्सिसमध्ये या दोहोंतली संगती तुटते. २००२ मध्ये डॅनियल डी बॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिभेखालच्या बारीक वाहिन्यांचे चित्रण सेप्सिसच्या रुग्णांत केले. काही वाहिन्यांतून रक्त धावत होते, शेजारच्याच वाहिनीत ते थांबत-थांबत जात होते, आणि काही पूर्ण बंद होत्या. जे रुग्ण पुढे दगावले, त्यांच्यात हा विस्कळीतपणा अधिक होता.

कारणे अस्तरातच आहेत. सुजलेल्या पेशी वाट अरुंद करतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स चिकटून बसतात, बारीक गुठळ्या तयार होतात, तांबड्या पेशींची लवचीकता कमी होते. त्यामुळे रक्त मोकळ्या वाटांनी निसटून पुढे जाते आणि मधला ऊतींचा पट्टा उपाशी राहतो. एकूण प्राणवायू पुरेसा दिसतो, वाटप बिघडलेले असते.

म्हणूनच अनुभवी डॉक्टर आकड्यांइतकेच बोटांकडे आणि गुडघ्यांकडे पाहतात. गुडघ्याभोवती जाळीदार निळसर-जांभळे चट्टे उमटणे हे वाईट लक्षण मानले जाते. सावळ्या त्वचेवर ते पटकन दिसत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. दुसरी खूण म्हणजे बोटाचे टोक दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारा वेळ. दक्षिण अमेरिकेतील पाच देशांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत काचेची पट्टी उजव्या तर्जनीवर १० सेकंद दाबून धरली जाई आणि रंग परतायला ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर तो दोष मानला जाई. या खुणेवर आधारलेल्या उपचारांत २८ दिवसांतील मृत्यू ३४.९ टक्के आणि लॅक्टेटवर आधारलेल्या उपचारांत ४३.४ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात कमी पडला. पण काचेच्या साध्या पट्टीने महागड्या तपासणीच्या तोडीस तोड काम करावे, ही तालुक्याच्या रुग्णालयासाठी लहान गोष्ट नाही.

७. एका बाजूला गुठळ्या होतात म्हणतात आणि दुसऱ्या बाजूला हिरड्यांतून रक्त येते. दोन्ही एकाच वेळी कसे शक्य आहे?

निरोगी अस्तर रक्त गोठू देत नाही. त्याच्यावरील थ्रॉम्बोमोड्युलिन प्रोटीन-सी ला कामाला लावते, हेपॅरन सल्फेट अँटिथ्रॉम्बिनला आधार देते (प्रोटीन-सी आणि अँटिथ्रॉम्बिन ही दोन्ही गोठणे रोखणारी प्रथिने) आणि चुकून झालेली गुठळी विरघळवण्याची सोयही तेथेच असते. सेप्सिसमध्ये हे सारे मागे पडते, गोठण्याची सुरुवात करणारा टिश्यू फॅक्टर पुढे येतो आणि गुठळी विरघळू न देणारे पीएआय-१ वाढते. बारीक वाहिन्यांत जागोजागी फायब्रिनचे, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या धाग्यांचे, जाळे तयार होऊ लागते. या कामात प्लेटलेट्स आणि गोठवणारे घटक खर्ची पडतात आणि खरी जखम झाली, सुई टोचली, तर तेथे वापरायला ते उरत नाहीत, म्हणून रक्तस्राव.

याचे सर्वांत भीषण रूप मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूच्या संसर्गात दिसते. मुलाच्या पायांवर तासातासाला पसरत जाणारे जांभळे डाग म्हणजे त्वचेतील वाहिन्या गुठळ्यांनी बंद होत असल्याची खूण असते. ताप असलेल्या मुलाच्या अंगावर दाबूनही न फिकटणारे डाग दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

८. कोणत्या अवयवाला आधी फटका बसतो?

ठरलेला क्रम नाही. फुप्फुसांच्या केशवाहिन्या झिरपू लागल्या की वायुकोशांत पाणी भरते आणि व्हेंटिलेटरची वेळ येते. मूत्रपिंडाच्या गाळणीतील अस्तर मुळातच सच्छिद्र असते आणि ते ग्लायकोकॅलिक्सवर बरेच विसंबून असते. मेंदूत रक्त आणि चेतापेशी यांच्यामधली सीमा ढिली पडते, त्यामुळे गोंधळ, बडबड किंवा सुस्ती येते. वृद्ध रुग्णात कधी कधी ताप नसतो आणि अचानक आलेला गोंधळ हेच पहिले लक्षण असते.

९. डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस, मलेरिया यांतही हेच होते का?

अवयव निकामी होऊ लागले, तर हे आजारही सेप्सिसच्या व्याख्येत बसतात, कारण ती व्याख्या जंतूंच्या जातीवर अवलंबून नाही. मात्र प्रत्येकाची अस्तरावर येण्याची वाट निराळी आहे.

स्क्रब टायफसचा जंतू थेट एंडोथेलियमच्या पेशीत शिरून तेथेच वाढतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत त्याचा उद्रेक झाला, तेव्हा काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, जंतू पसरवणारा बारीक किडा चावल्याजागी उमटणारा काळ्या खपलीचा व्रण शोधण्याचे महत्त्व अनेकांना नव्याने कळले. नेहमीची बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या) गटातली प्रतिजैविके पेशीच्या आत दडलेल्या या जंतूवर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन लागते. गंभीर रुग्णांत ही दोन्ही एकत्र देणे एकेकटे देण्यापेक्षा सरस ठरते, असे भारतातच झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

डेंग्यूच्या विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन ग्लायकोकॅलिक्स कातरणाऱ्या विकरांना चेतवते. फाल्सिपॅरम मलेरियात परजीवी असलेल्या तांबड्या पेशी अस्तराला चिकटून बारीक वाहिन्या तुंबवतात. लेप्टोस्पायरोसिसमध्ये केशवाहिन्यांना इजा होते आणि फुप्फुसांत रक्तस्राव झाला तर रुग्ण काही तासांत गंभीर होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने हा आजार जवळून पाहिला आहे.

१०. मग डेंग्यूत प्लेटलेट्स चढवल्या की धोका टळतो ना?

टळत नाही. डेंग्यूतील मोठा धोका प्लेटलेट्सच्या आकड्यात नसून झिरपण्यात आहे. ते साधारणपणे ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होते आणि २४ ते ४८ तास टिकते, म्हणजे घरच्यांना ‘आता बरे वाटतेय’ असे वाटते नेमके तेव्हाच. या काळात हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) वाढत जाणे, पोटात दुखणे, सतत उलट्या होणे आणि लघवी कमी होणे यांवर लक्ष ठेवावे लागते. रक्तस्राव नसताना केवळ आकडा २०,००० च्या खाली गेला म्हणून प्लेटलेट्स चढवल्याने रक्तस्राव टळत नाही, असे सिंगापूर आणि मलेशियातील प्रौढ रुग्णांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. पिशव्यांसाठी रात्रभर रक्तपेढ्या पालथ्या घालण्यापेक्षा दर काही तासांनी हिमॅटोक्रिट पाहणारा कोणी आहे ना, याची खात्री करणे अधिक उपयोगाचे.

११. अस्तर किती बिघडले आहे, हे सांगणारी रक्ततपासणी आहे का?

संशोधनात आहे, रोजच्या वापरात नाही. सिंडेकॅन-१, अँजिओपॉइटिन-२ आणि विरघळलेले थ्रॉम्बोमोड्युलिन यांची पातळी जितकी जास्त, तितकी मृत्यूची शक्यता अधिक, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण या आकड्यावरून उपचार कसा बदलायचा, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. तोपर्यंत लॅक्टेट, प्लेटलेट्सची घसरण, लघवीचे प्रमाण आणि प्रश्न ६ मध्ये सांगितलेल्या खुणा यांवरून अंदाज बांधावा लागतो.

१२. सलाईन जास्त द्यावे की कमी? प्रत्येक डॉक्टर वेगळे सांगतात.

डॉक्टरांत मतभेद आहेत, कारण पुरावाही एका बाजूला झुकत नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना शॉकच्या रुग्णाला पहिल्या ३ तासांत दर किलो वजनामागे किमान ३० मिलिलिटर द्यावे, असे सुचवतात. ६० किलोच्या माणसाला ते १,८०० मिलिलिटर होते. ही शिफारस कमकुवत दर्जाची आहे, हे त्याच सूचनांत लिहिलेले आहे. २०२२ मधील क्लासिक आणि २०२३ मधील क्लोव्हर्स या चाचण्यांत, सुरुवातीचे सलाईन दिल्यानंतर पुढे हात आखडता घेतला काय किंवा सढळ ठेवला काय, मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही.

धक्कादायक निष्कर्ष आला तो २०११ मध्ये, युगांडा, केनिया आणि टांझानियातील ३,१४१ मुलांवर झालेल्या फीस्ट चाचणीतून. तीव्र तापाने आजारी आणि रक्ताभिसरण बिघडलेल्या या मुलांपैकी ज्यांना झटपट सलाईन किंवा अल्ब्युमिन दिले, त्यांच्यात ४८ तासांतील मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांना ते दिले नाही त्यांच्यात ७.३ टक्के. तेथे अतिदक्षता विभाग नव्हते, निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता आणि जुलाब-उलट्यांनी कोरडी पडलेली मुले चाचणीतून वगळली होती. त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा पुण्या-मुंबईच्या आयसीयूला लावता येत नाही, पण जेथे व्हेंटिलेटर हाताशी नाही अशा रुग्णालयाने तो विसरूही नये. झिरपणाऱ्या वाहिनीत ओतलेले पाणी शेवटी फुप्फुसांत जमू शकते. थोडे द्यावे, पुन्हा तपासावे आणि फायदा दिसत नसेल तर थांबून वाहिन्या आवळणाऱ्या औषधाकडे वळावे, ही पद्धत मला सर्वांत समंजस वाटते. स्टार्चयुक्त द्रव मात्र टाळावेत. त्यांनी मूत्रपिंडांचे नुकसान होते, हे सिद्ध झाले आहे.

१३. बिघाड इतका नेमका कळला आहे, तर अस्तर दुरुस्त करणारे औषध का नाही?

प्रयत्न पुष्कळ झाले आणि त्यांचा इतिहास बोलका आहे. नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तदाब पडतो, म्हणून त्याची निर्मिती सरसकट रोखणारे औषध दिले गेले. रक्तदाब सुधारला, पण २८ दिवसांतील मृत्यू ४९ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. अपायकारक नायट्रिक ऑक्साइडबरोबर बारीक वाहिन्या उघड्या ठेवणारा उपकारक नायट्रिक ऑक्साइडही बंद झाला, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे नव्हे, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

प्रोटीन-सी कमी पडते, म्हणून ते बाहेरून देण्याचे औषध २००१ मध्ये मोठ्या आशेने बाजारात आले. पहिल्या चाचणीत मृत्यू ३०.८ टक्क्यांवरून २४.७ टक्क्यांवर आले होते. पुढच्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि २०११ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. अँटिथ्रॉम्बिन आणि थ्रॉम्बोमोड्युलिन यांच्या मोठ्या चाचण्यांतही मृत्यू सिद्ध होईल इतके घटले नाहीत. अस्तराला जपते म्हणून गाजलेले, शिरेतून दिले जाणारे क जीवनसत्त्व २०२२ च्या लोव्हिट चाचणीत तपासले गेले. मृत्यू किंवा रेंगाळलेला अवयवबिघाड औषध घेणाऱ्यांत ४४.५ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३८.५ टक्के होता, म्हणजे फायदा दूरच राहिला. ते इंजेक्शन ‘निदान नुकसान तरी नाही’ म्हणून मागणे योग्य नाही.

१४. मग उपचारांत अस्तराची काळजी घेतली जाते ती कशी?

आघात थांबवून. शॉक असेल तर पहिल्या तासात योग्य प्रतिजैविक, आणि पू साठला असेल, पित्तनलिका किंवा मूत्रवाहिनी तुंबली असेल, तर ती लवकर मोकळी करणे. कोणत्याही औषधाने हे काम भरून निघत नाही. त्याच्या जोडीला नॉरअ‍ॅड्रेनालीन, बेताचे सलाईन, साखरेवर नियंत्रण आणि शॉक हटत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड.

१५. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांना धोका जास्त असतो का?

हो. मधुमेह, धूम्रपान, मूत्रपिंडाचा जुना आजार आणि वाढते वय यांनी अस्तर आणि ग्लायकोकॅलिक्स आधीच झिजलेले असतात. शिवाय मधुमेहात संसर्गही अधिक होतात. उच्च रक्तदाब जुना असल्यास सरासरी रक्तदाबाचे ६५ हे लक्ष्य (प्रश्न १) काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना अपुरे पडू शकते. तेथे डॉक्टर ते वाढवण्याचा विचार करतात.

१६. रुग्ण घरी आला. अस्तर पूर्ववत होते का?

बहुतेकांत बरेचसे होते, पण लगेच नाही. सेप्सिसमधून वाचलेल्यांत पुढील काळात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले आढळते आणि अस्तराची रेंगाळलेली दाहावस्था हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. म्हणून घरी सोडल्यावर रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन यांची तपासणी आणि आधीच्या हृदयाच्या गोळ्या पुन्हा केव्हा सुरू करायच्या याची विचारणा अवश्य करावी. आयसीयूत बंद केलेल्या गोळ्या सुरू करायच्या राहून जाणे ही नेहमी घडणारी गोष्ट आहे.

१७. बोटांचा रंग लगेच परततो, लघवी चांगली होते, पण लॅक्टेट खाली येत नाही. तरीही बारीक वाहिन्यांतच दोष आहे असे समजायचे का?

तसे गृहीत धरू नये. लॅक्टेट केवळ प्राणवायूच्या टंचाईने वाढत नाही. अ‍ॅड्रेनालीनचे ड्रिप किंवा साल्ब्युटामॉलची वाफ चालू असेल तर ते वाढते, यकृत मंदावले असेल तर ते वेळेवर साफ होत नाही, आणि मूत्रपिंडे बिघडलेल्या मधुमेही रुग्णात मेटफॉर्मिन साठूनही ते चढते. अशा वेळी केवळ आकड्यासाठी सलाईनच्या बाटल्या वाढवत नेल्यास प्रश्न ५ मधील सूज पदरी पडते. याच्या उलट, लॅक्टेट चढत असताना पोट फुगत आणि दुखत असेल, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटला आहे का, हे सीटी स्कॅन करून आणि शल्यचिकित्सकाला बोलावून तातडीने पाहावे लागते.